मोजणी

मे महिन्यात तळं अंग चोरून बसतं.
कात्यायनीच्या डोंगराखाली पाणी रोज हातभर मागं सरतं
आणि उघडा पडतो चिखल,
आधी काळा, मग राखी, मग भेगाळलेला,
सातबाऱ्यावर कुणाच्याच नावानं नसलेला.

मी भूमापनात तेहतीस वर्षं काढली.
साखळी, चुना, पंचांच्या सह्या.
वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ
माझ्यादेखत एकमेकांवर धावून गेलेले.
निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता नुसतं बघायचं.
तसा आलो इथं,
गळ्यात मुलाची जुनी दुर्बीण,
पायात नवी, करकरणारी पायताणं.

"ती काढा सर," बाबालाल शिकलगार म्हणाला.
"गावातनं वाजवत फिरा. हितं न्हाई."
तळ्याचा राखणदार. कमरेला शिट्टी,
जी वाजलेली मी आजवर ऐकली नाही.

पाहुणे एप्रिलातच गेलेले.
एक तुतवार तेवढा मागं राहिलेला,
शेवटची एस.टी. चुकल्यासारखा
काठाकाठानं शेपूट हलवत.
बाकी सगळी घरचीच:
तांबड्या काड्यांवर चालणारे शेकाटे,
पाणी दुखेल अशा बेतानं पाय उचलणारे.
कंठेरी चिखल्या,
पळते, थांबते, पळते,
थांबली की नाहीच.
आणि टिटवी.

मला तिचा फोटो हवा होता.
मोबाईलचाच, साधा. नातीला पाठवायला.
नऊ वाजून गेलेले, ऊन पाठीवर बसलेलं.
मी काठ सोडून तीन पावलं आत गेलो.
माझं पाऊल अडीच फुटांचं, हे मला झोपेतही ठाऊक.
म्हणजे साडेसात फूट.

ती ओरडत उठली, माझ्या डोक्यावरून गेली
आणि पलीकडे पडली, एक पंख ओढत.
मला वाटलं, अरेरे, लागलं हिला,
म्हणून आणखी एक पाऊल...

बाबालाल ओरडला नाही.
मोजायला लागला, हलक्या आवाजात,
कडब्याच्या पेंढ्या मोजाव्यात तसा.
एक. दोन. तीन.
"काय मोजतोस?"
"अंडी उन्हात हायत. अकरा. बारा.
मागं या सर. आलासा त्याच पावलावर पाय ठेवून."

तेव्हा दिसली. चार.
टोकं आत करून मांडलेली, खड्यांच्या रंगाची,
माझ्या डाव्या टाचेपासून वीतभर.

रुईच्या झुडपामागं बसलो दोघं.
तो मोजत राहिला. मी घामानं निथळत.
दोनशेच्या पुढं कुठंतरी
मला माझ्याच श्वासाचा आवाज नकोसा झाला.

ती सरळ आली नाही.
आधी पाण्यात गेली, पोट भिजवलं,
मग लांबून वळसा घेत,
त्या जागेशी आपला काही संबंध नसल्यासारखी,
आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवून बसली.
"तीनशे बारा," बाबालाल म्हणाला
आणि बाटलीतलं पाणी प्यायला.
एवढंच.

दगड नव्हता तिथं, चुना नव्हता,
पण आमच्या खात्यात म्हणतात तशी
हद्द कायम झाली.

आता तो मुलीच्या बाळंतपणाला मिरजेला गेलाय.
मी बसतो त्याच्या जागी.
कुणी मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावतं,
कुणी कुत्रं मोकळं सोडतं,
परवा तर एक नवरानवरी आली, लग्नाआधीच्या फोटोंसाठी,
सोबत ड्रोन, धुराच्या नळकांड्या.
भांडण करत नाही. मोजतो.
पन्नासपर्यंत हसतात.
शंभराला कुणीतरी विचारतंच, "काका, काय मोजताय?"
काही जण मग मागं येतात.
सगळे नाही.

चारातली तीन फुटली. एकाचं काय झालं, माहीत नाही.

काठावर बसूनच काढलेला फोटो
मी राजसीला पाठवला.
तिचा लगेच फोन: "आजोबा, यात नुसता चिखल आहे!"
आहे गं ती, म्हटलं.
बघत राहा. हलू नकोस.